डोलीच्या जीपचा जळफळाट

मी बोलतेय. अहो, इकडे बघा, इकडे! गोठ्याच्या भिंतीला टेकून, भुशाच्या कोठीशेजारी डाळिंबी रंगाचा पत्रा दिसतोय ना, ती मी. मला चाकं नाहीत, इंजिन नाही, सुकाणूसुद्धा नाही. आत कोंबड्या आहेत. हसू नका. एके काळी माझ्या आत नवऱ्या बसायच्या.

आणि समोर पत्र्याच्या छपराखाली ती पोपटी गाडी उभी आहे, तिच्याकडे बघायचं काम नाही. या अंगणात येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो, मग मला विचारतो की कोंबड्या अंडी किती देतात. तुम्ही तरी तसं करू नका. माझं ऐकून घ्या, मग हवं तर तिच्याभोवती प्रदक्षिणा घाला.

माणसांना वाटतं मोटार म्हणजे एक वस्तू. तसं नसतं. खाली लोखंडाचा सांगाडा असतो, त्याला मिस्त्री लोक चासी म्हणतात. इंजिन आणि चाकं त्याच्या पदरी. वर बसते ती बॉडी, म्हणजे मी. नट-बोल्ट आवळले की लागलं लग्न. पण सांगाड्याचं नशीब पुरुषाचं. बॉडी जुनी झाली की तिला उतरवायची आणि दुसरी चढवायची. सवत आणायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

माझा जन्म पंजाबच्या वेशीवरच्या डबवाली मंडीतला. तिथं एका रस्त्यावर बापापासून पोरापर्यंत सगळे जीपच बांधतात. नछत्तर सिंग मिस्त्रीनं मला सपाट पत्र्यातून हातोडीनं ठोकून ठोकून घडवलं. सांगाडा होता लष्करी लिलावातला, चांगला खाऊनपिऊन असलेला. माझा मालक बलकार सिंग तेव्हा बिनलग्नाचा गडी होता. उपड्या पिंपावर बसून तो दिवसभर चहा प्यायचा आणि मिस्त्रीचं डोकं खायचा. "नाक जरा वर घे. कंबर जरा बारीक कर. बॉनेटवर पितळेचा घोडा पाहिजे, उधळलेला."

शेवटी नछत्तर वैतागला. "बलकार सियां, नवरी बघायला गेलास तेव्हासुद्धा एवढे नखरे केले नव्हतेस!"

"नवरी बेबेनं बघितली," बलकार म्हणाला, बेबे म्हणजे त्याची आई, "हिला मी बघतोय."

हे वाक्य मी आजवर काळजात जपून ठेवलंय. तेव्हा त्या घरात पहिली कोण, हे तुम्हीच ठरवा.

दुसरी आली जसमेल कौर. तिला आणायला आम्हीच गेलो, गिदडबाहाच्या अलीकडच्या तिच्या गावी. परतताना तिला माझ्या मागच्या बाकावर बसवलं. आमच्याकडे नवरीची गाडी निघताना तिच्या भावांनी ती मागून ढकलायची असते. इंजिन कितीही दणकट असो, भावाचा हात लागल्याशिवाय डोली माहेरच्या दारातून हलत नाही. जसमेलला भाऊ एकच, बिक्कर. मिसरूडही न फुटलेला, पण अंगात रेड्याचं बळ. त्यानं माझ्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे खाली पडणाऱ्या दारावर, दोन्ही तळहात टेकले आणि असा काही जोर लावला की त्याच्या हातातलं जाड लोखंडी कडं पत्र्यात रुतलं आणि खड्डा पडला. नेमका त्याच वेळी बलकारनं घाईनं क्लच सोडला. मी टुणकन पुढं उडाले आणि बिक्कर तोंडावर धुळीत.

सगळा गाव रडता रडता हसला. आत घुंगटात नवरी गदागदा हलत होती. बाया म्हणाल्या, "बिचारी, किती रडतेय!" पण ती बसली होती माझ्या बाकावर. मला कळत होतं. ती हसत होती. हे फक्त मला ठाऊक होतं.

घरी आलो. बलकारच्या आईनं, बेबेनं, उंबरठ्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना मोहरीचं तेल ओतलं, नव्या सुनेवरून पाणी ओवाळलं आणि तिला आत घेतलं. मी बाहेरच. अहो, मीसुद्धा त्या घरात नवीच होते! नवरीला इतक्या लांबून मी आणलं, धूळ मी खाल्ली, आणि तेलाचा एक थेंब माझ्या वाट्याला नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या पोटात दुखलं. ते दुखणं काही बरं झालं नाही.

पण दिवस माझे होते, हेही सांगायला हवं. बलकार सकाळी उठला की चहाच्याही आधी मला धुवायचा. जसमेल खाटेवर बसून मोहरीची पालेभाजी निवडायची आणि तिथून टोमणा हाणायची. "माझ्या सवतीची आंघोळ आटोपली असेल तर मलाही एक बादली पाणी मिळेल का, सरदारजी?"

"तुझं काय, तू घरचीच आहेस," बलकार फडकं पिळत म्हणायचा.

"आणि ती काय पाहुणी आहे?"

मी आपली चमकत राहायचे. गावात कुणाचंही लग्न निघालं की डोलीला मीच. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस माझ्या आरशात डोकावून पगडी सारखी करायचा. माणसांना आरसा दिसला की राहवत नाही, मग तो कुणाचाही असो. जसमेलनं त्या आरशाला आपला एक लाल परांदा बांधला, वेणीत माळायचा गोंडा हो. लोक म्हणाले, किती हौशी! मला मात्र वाटलं, बाई माझ्यावर आपली खूण बांधतेय.

पुढं बिक्कर गेला. कावीळ झाली आणि आठवड्यात संपला. मागं बायको आणि लहानगी लेक मनरीत. जसमेल माहेराहून परतली तेव्हा माझ्यात चढायच्या आधी फाळक्याजवळ थांबली. त्या खड्ड्यात तिनं बोट घातलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बलकारनं हॉर्न वाजवला नाही.

मग एकदा पावसाळ्यात जसमेल गोठ्यात शेणावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय परतले नाहीत. चाकांची खुर्ची आली. आता माझी बांधणी पडली उंच. नछत्तरनं मला ऐटीसाठी उंच केलेलं, गुडघ्यासाठी नव्हे. पहिल्यांदा तिला गुरुद्वाऱ्यात न्यायचं ठरलं तेव्हा बलकार आणि दोन शेजाऱ्यांनी तिला खुर्चीतून उचललं. तिची ओढणी माझ्या फाळक्याच्या साखळीत अडकली, डोकं उघडं पडलं, शेजारी इकडे तिकडे बघायला लागले.

"खाली ठेवा," जसमेल म्हणाली.

"अगं, झालंच..."

"खाली ठेवा म्हणते ना! मी काय युरियाचं पोतं आहे?"

तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेली नाही. गुरुद्वाऱ्यात नाही, शेजारी नाही, माहेरी तर नाहीच. बलकारनं पुष्कळ विनवलं. ती म्हणायची, "मला इथून सगळं दिसतं." इथून काय दिसतं, तर गोठा, हातपंप आणि मी.

अशातच मनरीतचं लग्न ठरलं. बापाविना वाढलेली पोर. तिनं भूआला, म्हणजे आपल्या आत्याला, फोन केला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. "भूआ, पप्पांच्या बाजूचं माझं तू एकटीच आहेस. तू आली नाहीस तर मी फेऱ्यांना उभी राहणार नाही. मग नवरदेवाला तूच सांग काय सांगायचं ते."

"मी इथूनच आशीर्वाद देते, पुत्तर."

"आशीर्वाद फोनवर नको. डोक्यावर हात पाहिजे."

जसमेलनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बलकारनं मला सुरू केलं आणि डबवालीला नेलं. माझ्या मनात लाडू फुटले! वाटलं, पोरीच्या लग्नासाठी आता मला नवा रंग लागणार. वाटेत मी इतकी खूश होते की माझा खुळखुळणारा मडगार्डसुद्धा तालात वाजत होता.

नछत्तर आता म्हातारा झाला होता. त्यानं माझ्या बॉनेटवर थाप मारली. "या राणीसाहेब! काय करायचं हिचं?"

"हिला उतरव," बलकार म्हणाला.

एक एक नट सुटला. साखळीच्या कप्पीनं मला उचललं आणि बाजूला धुळीत ठेवलं. खाली माझा सांगाडा उघडावाघडा उभा होता. इतका संसार केला, पण त्यानं साधं 'येतो' म्हटलं नाही.

मग माझ्या डोळ्यांदेखत ती घडू लागली. उभट, चौकोनी, खोक्यासारखी. ना नाक, ना कंबर. मागचं दार खाली पडलं की त्याचाच उतार व्हायचा, खुर्ची थेट आत जावी म्हणून. आत चाकं अडकवायला खाचा, धरायला दांडा. नछत्तर तिच्यावर असा झुकून काम करायचा की जणू नातीचा पाळणा करतोय. मला घडवताना मेला गप्पा छाटत होता! त्यानं माझ्या बॉनेटवरचा घोडा काढून तिच्या कपाळावर बसवला. माझा हॉर्न तिला दिला. परांद्यासकट माझा आरसा तिला दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत आणलीत ते आणलीत, वर माझे दागिनेही तिलाच?

"या जुनीचं काय करू?" नछत्तरनं विचारलं. "भंगारवाला उद्या येतोय."

"नको," बलकार म्हणाला. "तिला घरी पोचव." का, ते त्यानं सांगितलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मला उलटी ठेवून गावातून नेलं. सगळ्यांनी बघितलं. ज्या रस्त्यावरून मी नवऱ्या आणल्या त्याच रस्त्यावरून मी अशी आले, आकाशाकडे पोट करून.

ती आली दुसऱ्या दिवशी. स्वतःच्या चाकांवर. माझ्या चाकांवर म्हणा. नछत्तर मुद्दाम सोबत आला होता. बलकारनं अंगणात गाडी उभी केली, उतरला, मागचं दार खाली सोडलं आणि मिशीला पीळ देत जसमेलला म्हणाला, "भागवाने, बघ!"

त्यानं ती पांढरीशुभ्र रंगवली होती. उन्हात आत थंड राहावी म्हणून. खिडक्यांना पडदे लावले होते, बाईमाणसाची अब्रू राहावी म्हणून.

जसमेल ओसरीवरून बघत राहिली. "कुणाची ही?"

"तुझी."

"पांढरी," जसमेल सावकाश म्हणाली. "मागून उघडणारी. पडदे लावलेली. सरदारजी, अशी एक गाडी गुरुद्वाऱ्याच्या मागं उभी असते. तिच्यात माणूस एकदाच बसतं, आणि तेही आडवं."

नछत्तरनं कपाळावर हात मारून घेतला. दोघं जण इतके दिवस खपले, पण अंत्ययात्रेची गाडी बांधलीय हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. "ओय बलकार सियां," तो पुटपुटला, "फक्त वर हार घालायचे बाकी ठेवलेस!"

मी इतकी हसले की आत नुकत्याच सोडलेल्या कोंबड्या फडफडून बाहेर पळाल्या. खूप दिवसांनी जिवाला थंडावा मिळाला.

बलकारनं हार मानली नाही. ट्रक रंगवणारा पेंटर बोलावला आणि तिला पोपटी केलं. दोन्ही बाजूंना मोर काढले. मोर! माझ्यावर साधी चिमणी काढली नव्हती कुणी. पण जसमेलनं मोरांकडेही बघितलं नाही. लग्न तोंडावर आलं तरी ती रोज संध्याकाळी खुर्ची ढकलत माझ्याकडे यायची, कोंबड्यांना दाणे टाकायची आणि हात माझ्या फाळक्यावर ठेवून बसायची. मी समोरच्या पोपटीकडे बघायचे. बघितलंस? घोडा तुझ्याकडे, आरसा तुझ्याकडे, पण बाई येते माझ्याकडे.

एका संध्याकाळी बलकारचा तोल सुटला. पगडी न बांधता, डोक्याला नुसतं फडकं गुंडाळून तो तरातरा आला. "जसमेल कौरे, तुला हवंय तरी काय? बोल एकदा! माझी जीप मी तुझ्यासाठी मोडली. जी मी स्वतः निवडली ती मोडली. आता तुला रंग नको, मोर नको, दार नको. परवा पोरगी फेऱ्यांना उभी राहील, तेव्हा तिला काय सांगू?"

खरं सांगते, 'माझी जीप मी मोडली' हे ऐकून मला भरून आलं. म्हणजे त्यालाही दुखलं होतं तर.

जसमेलनं फाळक्यावरच्या खड्ड्यात बोट घातलं. मग म्हणाली, "या घरात मी हिच्यातून आले. माझ्या वीरानं, माझ्या भावानं, ढकललं म्हणून आले. त्या गाडीला माझ्या माहेरचा हात लागलेला नाही, सरदारजी. बिक्करच्या दारात मी बिक्करशिवाय कशी जाऊ? पोरीला बघितलं की मला रडू फुटेल, तेव्हा धरायला काय आहे तिच्यात? दांडा?"

बलकार गव्हाणीच्या कडेवर बसला.

"हा फाळका तिला लाव," जसमेल म्हणाली. तिचं बोट त्या खड्ड्यात होतं. "दार म्हणून हाच लाव. मग येते मी."

माझ्या पत्र्यातून कळ गेली. घोडा नेलात, हॉर्न नेलात, आरसा नेलात, मी सोसलं. आता अंगाचा तुकडा? आणि तोही सवतीला? माझ्याजवळ दाखवायला उरलं होतं ते एवढंच. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे यायची ती या खड्ड्यासाठी. तो गेला की मी नुसतं खुराडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नछत्तर हत्यारं घेऊन आला. मीही ठरवलं होतं, सुटायचं नाही. माझ्या बिजागऱ्या गंजल्या होत्याच, मी त्या आणखी घट्ट आवळून धरल्या. नछत्तरनं पान्हा लावला, ठोकलं, शिव्या दिल्या, घाम पुसला. खिळ्या जागच्या हलेनात.

"फार हट्टी आहे," तो म्हणाला. "गॅसनं कापावं लागेल. पण तापला की हा जुना पत्रा लाटेसारखा वाकणार. खड्ड्याची खात्री देत नाही मी."

बलकारनं जसमेलकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता सोडा नाद.

"थांबा," जसमेल म्हणाली. "मला स्वयंपाकघरातून तेलाची वाटी द्या. मोहरीचं."

वाटी मांडीवर घेऊन ती खुर्ची ढकलत माझ्यामागं आली. आधी डाव्या बिजागरीवर तिनं धार सोडली, मग खुर्ची वळवून उजवीवर. अगदी उंबरठ्यावर ओततात तशी, सावकाश, दोन्ही बाजूंना. नछत्तर म्हणाला, "बीबी, एवढं नको, थेंबभर पुरे." तिनं वाटी रिकामी केली.

"बेबेनं त्या दिवशी मला तेल ओतून आत घेतलं," ती म्हणाली. कुणाशी बोलतेय ते पुरुषांना कळलं नाही. "ही बाहेरच उभी राहिली. मी घुंगटातून बघितलं होतं. तुझं राहूनच गेलं बघ, सवती. आता दे एवढं."

तिनं बघितलं होतं! इतकी वर्षं मला वाटत होतं की ते दुखणं माझं एकटीचं आहे.

तेल आत आत झिरपत गेलं. मी काय करणार? इतक्या वर्षांनी का होईना, मला कुणी तरी घरात घेत होतं, आणि तेही कुणी, तर तिनं. नछत्तरनं पुन्हा पान्हा लावला आणि खिळी लोण्यातून निघावी तशी निघाली. तो म्हणतो तेलानं गंज सुटला. म्हणू दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळं तयार झालं. माझा डाळिंबी फाळका त्या पोपटीच्या पाठीला. आतून त्याला लांब उतार जोडलेला, बाहेर खड्डा जसाच्या तसा. रंग मुळीच जुळत नव्हता आणि याचा मला फार आनंद झाला. नछत्तर रंगाचा डबा घेऊन आला होता, पण जसमेलनं त्याला हात लावू दिला नाही. तिनं भरतकामाची फुलकारी पांघरली होती. दांड्याला धरून, स्वतः चाकं फिरवत, ती उतारावरून वर चढली. कुणी तिला उचललं नाही. फाळका बंद झाला. बलकारनं इंजिन सुरू केलं.

"ढकला की कुणीतरी!" आतून आवाज आला.

"अगं, इंजिन चालू आहे!"

"तेव्हाही चालूच होतं!"

मग नछत्तर पुढं झाला. हात पायजम्याला पुसले, डावा तळवा फाळक्यावर ठेवला आणि उजवा बरोबर खड्ड्यावर. "बीबी, आज मी तुझा वीर," तो म्हणाला आणि म्हाताऱ्यानं जोर लावला.

आणि त्याच वेळी बलकारनं क्लच सोडला. इतक्या वर्षांत या माणसाला क्लच सोडायला जमलेलं नाही! गाडी टुणकन उडाली आणि नछत्तर सिंग मिस्त्री दोन्ही गुडघ्यांवर धुळीत.

फाटकापाशी जमलेली सगळी माणसं हसली. आतून जसमेलचा आवाज आला, फुटल्यासारखा, वरखाली होणारा. खिडकीत फुलकारी गदागदा हलत होती. शेजारीण म्हणाली, "बघा, किती हसतेय! कधीची हसली नव्हती बिचारी." गाडी वळली आणि गिदडबाहाच्या रस्त्याला लागली.

हसत होती? मला नाही सांगता येत. मागच्या वेळी सगळे म्हणाले रडतेय, आणि ती हसत होती, हे मला माझ्या बाकावरून कळलं होतं. या वेळी ती माझ्यात नव्हती.

तेव्हापासून गाडी सारखी बाहेर असते. गुरुद्वारा, बाजार, मनरीतचं सासर. फाळक्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटतात, मिठाईची बोटं उमटतात. संध्याकाळी गाडी छपराखाली लागते आणि माझा फाळका माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. मी विचारते, काय रे, काय बघितलंस? तो बोलत नाही. मला वाटलं होतं, मी त्या पोपटीचा हेवा करते. आता तिचं काही वाटत नाही. तिचे मोर उन्हानं उडायला लागलेत. आता मला हेवा वाटतो तो माझ्याच फाळक्याचा.

माझं असं आहे. मागून उघडी, आत कोंबड्या, बिजागऱ्यांच्या जागी तेलाचे दोन डाग. जसमेल अजून येते दाणे टाकायला. फाळका नाही, तरी येते. 'सवती' म्हणते आणि माझ्या कडेवर हात ठेवून बसते. पण मी तिला ते विचारू शकत नाही.

तुम्ही मात्र विचारू शकता. या रस्त्यानं जाताना कधी पुढं एखादी पोपटी गाडी दिसली, जिचं मागचं दार डाळिंबी आहे आणि त्यात मुठीएवढा खड्डा आहे, तर हॉर्न वाजवून घाईनं पुढं जाऊ नका. जरा मागंमागंच राहा. ती फाटकाशी थांबली की उतरा, त्या खड्ड्यावर हात ठेवा आणि हळूच विचारा, त्या दिवशी जसमेल हसत होती की रडत होती. आणि फाळक्यानं सांगितलं, तर परत येऊन एवढं मला कळवा.